फुलपाखरांसाठी राखलेला कोपरा

बागेत फुलपाखरं यावीत म्हणून काय लावावं, असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. न्युरेम्बर्गला आमची बाग होती हे कळलं की विचारतातच. मी लव्हेंडर सांगतो, ओरेगानो सांगतो, शरदासाठी अ‍ॅस्टर सांगतो आणि विषय बदलतो. खरं उत्तर मला येतं. ते बायकोने शिकवलं. शिकून मी काय केलं, ते मात्र आजवर कुठे बोललो नाही. घरी मला लहानपणापासून घुम्या म्हणायचे. घुम्या माणसाच्या पोटात काहीतरी फार खोल असतं असा लोकांचा समज असतो. माझ्या पोटात एक लाजिरवाणी गोष्ट होती, बस.

ग्रीन कार्डावर कॉम्प्युटरवाल्यांची जी पहिली लाट जर्मनीत आली, त्यात मी आलो. मागोमाग ती आली. विदर्भातल्या एका ज्युनियर कॉलेजात ती बॉटनी शिकवायची. वर्गात दरारा होता, शिवाय पोरं तिच्यासाठी कुठून कुठून पानं तोडून आणायची. इथे आल्यावर सुरुवातीला तिला काम करायची परवानगीच नव्हती. परवानगी आली तेव्हा तिच्या एम. एस्सी.ला इथे काय समजायचं हे कुणाला ठरवता येईना. भाषेचा वर्ग, घर, पुन्हा भाषेचा वर्ग. संध्याकाळी मी आलो की विचारायची, "आज ऑफिसात काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." तिच्या दिवसाला बाहेरचा वारा लागायचा तो तेवढ्यातून, आणि तेवढं दारही मी लावून घ्यायचो.

एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही श्रेबरगार्टनसाठी नाव घातलं. शहराच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, आखून दिलेले जमिनीचे तुकडे असतात. प्रत्येकात एक लाकडी खोपटं. भाडं किरकोळ, नियम भरपूर. कुंपण अमुक उंचीच्या वर जायचं नाही, दुपारी गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, आणि जमिनीचा तिसरा हिस्सा खाण्याजोग्या पिकाखाली हवाच. हे सगळं बघायला मंडळाची कार्यकारिणी उन्हाळ्यात रांगेने प्रत्येक बागेत येते. बरीच वाट बघून आमचा नंबर लागला. त्या अख्ख्या वसाहतीत आम्हीच तेवढे सावळे.

पहिल्या वसंतात रोपं आणायला गेलो. मी ढकलगाडी भरून टाकली: दुहेरी पाकळ्यांचे पेटुनिया, लालभडक जिरॅनियम.

"अहो, हे काय घेतलंय?"

"फुलपाखरांसाठी. तूच म्हणालीस ना?"

"हे लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन आहे. नुसत्या पाकळ्याच पाकळ्या, मधाचा थेंब नाही. फुलपाखरू येईल, सोंड खुपसून बघेल आणि तुम्हाला शिव्या घालून जाईल."

"कुठल्या भाषेत?"

"जर्मनमध्ये. तुम्हाला कळायच्या नाहीत."

सगळं परत जागेवर ठेवायला लावलं तिने. एक झोमरफ्लीडरचं झुडूप मात्र घेऊ दिलं, कारण त्याच्या जांभळ्या तुऱ्यांवर खरंच फुलपाखरं तुटून पडतात. तरी बजावलंच, "हे हॉटेल झालं. खातील, पितील, जातील. बाळंतपणाला कुठे जायचं त्यांनी?" आणि तिथेच, खताच्या पोत्यांच्या रांगेत, तिचा वर्ग सुरू झाला. फुलपाखराला मध दहा फुलांचा चालतो. अंडं घालताना मात्र पान ठरलेलं लागतं. अंड्यातून निघालेलं सुरवंट दुसरं काही खात नाही, उपाशी मरेल पण खाणार नाही. म्हणून आधी पान निवडायचं, फूल मागाहून. एक जर्मन म्हातारी गाडी थांबवून ऐकत उभी राहिली होती. तिला मराठी काय कळणार, पण शिकवणारं माणूस ओळखू येत असावं. बायकोला तसं बोलताना मी कितीतरी दिवसांनी बघत होतो.

खाण्याजोग्या पिकाचा नियम तिने असा वापरला की कार्यकारिणीला बोलायला जागा उरली नाही. गाजर, बडीशेप आणि शेपू. आपल्याकडे कढीपत्त्यावर जे काळं-पिवळं फुलपाखरू येतं, त्याचं इथलं शेपटीवालं भावंड शेपूवर अंडी घालतं. "म्हणजे मंडळ खूश, फुलपाखरू खूश," ती म्हणाली, "फक्त तुम्ही नाखूश." शेपूच्या भाजीशी माझं लहानपणापासूनचं वैर. अर्धा शेपू आमचा, अर्धा सुरवंटांचा, अशी वाटणी झाली आणि मी सुरवंटांना शक्य तितकी मदत केली.

राहिली ब्रेननेसेल. नुसता स्पर्श झाला तरी आग आग होते असं हे झुडूप इथे रुळांच्या कडेला, पडीक जागी माजतं. मी म्हणालो, आपल्या खाजकुयलीची चुलत बहीण दिसते. तर म्हणे, "चुलत वगैरे काही नाही, कूळच वेगळं. तुम्ही कॉम्प्युटर बघा." मोराच्या पिसावर असतो तसा डोळा पंखांवर असलेलं इथलं तांबडं फुलपाखरू आपली पिल्लं वाढवतं ते जवळपास या एकाच पाल्यावर, आणि तोही भर उन्हातला लागतो. नर्सरीत हे कुणी विकत नाही. रुळांकडेची मुळं खणून तिने ती खोपट्यामागच्या उन्हातल्या कोपऱ्यात लावली. हातांना फोड आले. दुसऱ्या वर्षी तिथे कमरेएवढं रान झालं.

आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारा होता. कारखान्यातून निवृत्त, बायको वारलेली, एकटा. तो माझ्या बायकोला "फ्राउ प्रोफेसोर" म्हणायचा. सुरुवातीला तिला वाटलं, चेष्टा करतो. नव्हता करत. तिने शेपूची भाजी आणि ज्वारीची भाकरी कुंपणावरून दिली, तेव्हा एक घास खाऊन म्हणाला, "इंटरेसांट." जर्मन माणूस पदार्थाला इंटरेसांट म्हणाला की सहसा दुसरा घास घेत नाही. त्याने ताटली पुसून परत दिली आणि पुढच्या आठवड्यात आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचा वाडगा घेऊन आला. त्यातही शेपूच. आमच्या नळाला पाणी कमी यायचं, म्हणून त्याने आपल्या नळाची रबरी नळी कुंपणातून आमच्याकडे कायमची सोडून ठेवली होती.

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये त्या कोपऱ्यात सुरवंटं झाली. काळी, काटेरी, अंगावर पांढरे बारीक ठिपके; शेंड्याशेंड्याला जाळं विणून घोळक्याने बसलेली. त्याच सुमाराला गावात लोकांना निसर्ग दाखवत हिंडवणारी एक बाई आमच्या बागेत आली आणि कोपरा बघून थक्क झाली. हिला म्हणाली, माझा रविवारचा गट तुमच्याकडे आणते, तुम्ही बोला. जमलं तर शरदापासून माझ्याबरोबर वर्ग घ्या, पगारी.

इथे आल्यापासून तिला कुणी काम विचारलं ते हे पहिलं. पोळ्या लाटता लाटता ती वाक्यं पाठ करायची. "डी राउपे... ती सुरवंट... अहो, राउपे बाई आहे की पुरुष?" मी वर न बघता म्हणायचो, "काय फरक पडतो?" "गटासमोर पडतो." मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या रविवारच्या आधी ती तीन-चार दिवस कोलोनला गेली. तिथे डॉक्टरेट करणारी तिची मावसबहीण आजारी होती. जाताना एकच सांगितलं: शेपूला पाणी घाला, कोपऱ्याला हात लावू नका.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. ते प्राथमिक शिक्षक. गावातलं आमचं घर पहिल्या गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे वरच्या आळीतल्या लोकांच्या नजरेत पहिलं येणारं. वडील दर सणाला आणि मध्येही भिंतींना चुना लावायचे. अंगणात काडी दिसली तर आम्हाला मार. म्हणायचे, "त्यांच्या अंगणात उकिरडा असला तरी ते त्यांचं अंगण. आपल्या अंगणात काडी दिसली की म्हणतात, यांचं असंच असतं." इस्त्रीशिवाय मी अजूनही बाहेर पडत नाही. बायको हसायची, तिच्या घरी एवढं नव्हतं. पण ती शहरातली.

ती कोलोनला असताना मंडळाच्या सगळ्यांची एकत्र कॉफी होती. एकटाच गेलो. दोन दिवसांनी कार्यकारिणीची फेरी, तोच विषय चाललेला. अध्यक्ष माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तुमच्या मागच्या कोपऱ्याचं बघा जरा. त्याचं बी सगळीकडे उडतं. तुमच्याकडे त्यालाच बाग म्हणत असतील, पण आमच्याकडे नाही म्हणत." चारपाच लोक हसले. वाईट हसले असं नाही, जसे हसतात तसे हसले. मीही हसलो.

म्हातारा तिथेच होता. परतताना माझ्याबरोबर चालत आला. म्हणाला, त्याचं मनावर घेऊ नका. वाटेच्या बाजूची एक पट्टी कापा, बाकी राहू द्या. मी त्यांना सांगतो की ब्रेननेसेल माझ्यासाठी राखलीय. पाण्यात कुजवून खत करतात तिचं, इथले जुने लोक सगळे करतात. माझ्या नावावर कुणी काही बोलणार नाही. "फ्राउ प्रोफेसोरचा रविवार आहे ना," असंही म्हणाला.

म्हणजे वाट होती. सोपी होती, सभ्य होती, आणि ती एका जर्मन माणसाने स्वतःहून काढून दिली होती. मी "हो, हो, डांके" म्हणून आभार मानले. आणि मला त्याचाही राग आला. त्याच्या नावावर माझं अंगण चालणार, हा राग.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळीच बागेत गेलो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, कुंपण छाटायची मोठी कात्री. एक पट्टी कापून थांबता आलं असतं. थांबलो नाही. मुळापर्यंत गेलो, मग कुदळीने मुळंही काढली. सुरवंटं घोसाघोसाने खाली पडत होती. पडली की अंग आखडून गोल होतात, आणि थोड्या वेळाने उलगडून चालू लागतात, पाला शोधायला. कुठे चालली आहेत हे मला माहीत होतं. मला वर्गात शिकवलं होतं. मी सगळं पोत्यांत कोंबलं आणि गाडीच्या डिकीत टाकून कचरा केंद्रावर नेलं. सिग्नलला गाडी थांबली की मागून पोत्यांची बारीक सळसळ ऐकू यायची. रेडिओ लावला.

कार्यकारिणी आली. अध्यक्ष म्हणाले, "झुपर," म्हणजे एकदम छान. वहीत काहीतरी खूण केली आणि पुढे गेले. त्या शब्दाने मला बरं वाटलं, तेही लिहून टाकतो.

शनिवारी ती स्टेशनवरून थेट बागेत आली. मी वाफ्यात उभा होतो. ती मागे गेली, बराच वेळ आली नाही. मग आली. रडत वगैरे नव्हती.

"कुणी?"

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "फेरी होती ना. शेजाऱ्यांना खटकत होतं." आणि हे म्हणताना मी मान वळवून कुंपणापलीकडे बघितलं. म्हातारा तिथे पाठमोरा, टोमॅटोला काठ्या बांधत होता. त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं नाही याचा मी पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच पुरावा देत होतो. पण ते नाव घेण्यापेक्षा वाईट होतं, कारण उरलेलं खोटं मी तिला बोलायला लावलं.

"यानं? आत येऊन?"

मी म्हणालो, "जाऊ दे आता."

रविवारचा गट तिने फोन करून रद्द केला. बाई म्हणाल्या, नुसती फुलं दाखवा, तेही पुष्कळ आहे. ही म्हणाली, हॉटेल दाखवायला मी नाही. त्या बाईंना ते समजलं नसणार. शरदातल्या वर्गाचं पुढे कुणी विचारलं नाही. ती एका बेकरीच्या काउंटरवर लागली.

आणि त्या दिवसापासून तिने म्हाताऱ्याशी बोलणं तोडलं. त्याचं "गुटेन मोर्गेन" हवेतच राहायचं. काकडीच्या कोशिंबिरीचा वाडगा आला तो तिने कुंपणावरच राहू दिला. दुसऱ्या दिवशी त्यात मुंग्या झाल्या. मग पाण्याची नळी. तिने ती उचलून त्याच्या बाजूला टाकली. ऐन उन्हात, माती भेगाळलेली असताना, दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन ती वसाहतीच्या पार टोकाच्या सार्वजनिक नळावर जायची, पण त्याचं पाणी घ्यायची नाही. मी अधूनमधून म्हणायचो, "आण, मी आणतो." तेवढंच म्हणायचो. पुढच्या वसंतात तो एक बादली घेऊन फाटकाशी आला. आत ओल्या मातीत ब्रेननेसेलची मुळं होती. कुठून तरी त्याने खणून आणली होती, हात लाल झाले होते. म्हणाला, फ्राउ प्रोफेसोर, पुन्हा लावू या. तिने बादली घेतली, त्याच्यासमोर वाटेवर उपडी केली आणि रिकामी त्याच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी त्याने मला एकट्याला गाठून विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्याच्या डोक्यात कोपरा मी कापला हे होतंच. त्याने मला कापताना पाहिलं होतं. तिला ते ठाऊक नसेल हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. मी म्हणालो, "तिला घरची आठवण येते. तुमच्यावर राग नाही." "आख झो," म्हणजे असं होय, म्हणाला, आणि बादली हलवत गेला. आणखी एक उन्हाळा तो आला. मग गुडघे गेले, बाग सोडली, उत्तरेकडे बहिणीकडे गेला. त्या हिवाळ्यात तो वारल्याचं मंडळात कुणीतरी मला सांगितलं. मी घरी येऊन सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रँकफर्टहून आपली मंडळी बागेत जेवायला आली होती. दोन कुटुंबं, आमच्याच समाजातली, जयंतीला वगैरे भेटणारी. भाजणीचं थालीपीठ, शेपू, दही. झोमरफ्लीडरवर फुलपाखरं होती. एका वहिनींनी विचारलं, "काय सुंदर! काय काय लावलंय हो यांच्यासाठी?" आणि बायकोने गोष्ट सुरू केली. ती गोष्ट आता चांगली घोटलेली झाली होती: गोड बोलणारा म्हातारा, आपल्या हातची भाकरी खाणारा, आणि आपण गावाला गेल्यावर आत शिरून मुळासकट उपटणारा. ऐकणारे चुकचुकले. त्यांतला एक जण बोट चाटत म्हणाला, "यांचं असंच असतं, ताई. तोंडावर एक, मागे एक."

ती म्हणाली, "असंच असतं यांचं."

मी दह्याची वाटी बाजूला सारली. पाहुणे तीनच्या गाडीला गेले. ती ताटं गोळा करत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. सुरवंटं, पोती, रेडिओ, त्याने सुचवलेली पट्टी, सगळं. घुम्या माणूस बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही. अध्यक्षांचं वाक्य आणि वडिलांचा चुनाही सांगितला. तिने ते मध्येच तोडलं.

"तुमचे वडील राहू द्या. तो आहे का?"

"नाही. गेला. मागच्या हिवाळ्यात."

ती खोपट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं होतं, कोपऱ्याबद्दल बोलेल, त्या रविवारबद्दल, बेकरीबद्दल. त्याची मनात कधीची तयारी होती, खरं सांगायचं तर. ती म्हणाली, "त्याच्या हातचं पाणी नाही घेतलं मी."

तिने हातातलं ताट पायरीवर ठेवलं.

"दोन उन्हाळे. माझ्या आजीला विहिरीवर जसं करायचे ना, तसं केलं मी त्याला. तिला निदान का ते ठाऊक होतं. ह्याला ते पण नाही. तुम्ही माझ्या हातून एक माणूस वाळीत टाकवलात. आणि बसून बघितलंत."

आमच्या घरांमध्ये या वाक्याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. "माफ कर" असं काहीतरी मी म्हणालो. ती म्हणाली, "मला काय विचारताय?"

घरी आल्या आल्या, चपला न काढता, ती फोनपाशी गेली. फ्रँकफर्टचे लोक नुकतेच पोचले असतील. "जयभीम, ताई. पोचलात? नाही, एक सांगायचं होतं. मी आज बागेत सांगितलं ते खोटं होतं. त्या म्हाताऱ्याने काहीच केलं नव्हतं. ह्यांनी केलं. हो, ह्यांनीच. नाही, नाही, भांडण नाही. तुमच्या मिस्टरांनाही सांगा, ते म्हणाले होते यांचं असंच असतं म्हणून." मग दुसऱ्या कुटुंबाला. तेच, त्याच शब्दांत, वर्गात पाठ सांगावा तसं. मग कोलोनला मावसबहिणीला. मग नागपूरला आईला. मी सोफ्यावर बसून होतो. उठून आत जायची सोय नव्हती, आणि तिने थांब म्हटलंही नव्हतं.

शेवटचा फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणखी कुणाकुणाला सांगितलं होतं मी?"

मी एकेक नाव सांगू लागलो. तिच्या बेकरीतल्या दोघी, भाषेच्या वर्गातली तुर्की बाई, मंडळातली सहाव्या बागेची जोडी, माझा ऑफिसातला मित्र, त्याची बायको. एकही सुटलं नाही. प्रत्येक वेळी मी तिथे बसलेलो होतो.